अगं, काही नाही!

४ फेब्रुवारी

खालच्या सुतारानं आज उजाडायच्या आत करवत लावली! मशीनची करवत ती — सुरू झाली की फळीवरच्या ताटल्या थरथरतात. मी देवाजवळून उठले तर हे म्हणाले, "आज तर त्यानं कहर केला. कशी बसलीस गं एवढ्यात?"

मी म्हटलं, "कसली करवत?"

लेक हसायलाच लागली. शाळेत इंग्रजी शिकवते ती. एक चप्पल पायात, एक हातात, तरी थांबली. तिच्या वर्गाला सध्या असले शब्द आहेत म्हणे — साधंसुधं क्रियापद घ्यायचं, मागे एक शेपूट जोडायचं, की अर्थ पार वेगळ्याच गावाला जातो. त्यातलाच एक — ट्यून आउट. म्हणजे आवाज असतो, पण आपण तो घ्यायचा नाही. रेडिओची सुई फिरवून नको ते स्टेशन घालवावं तसा तो घालवायचा. "आई, तुझ्याइतकं हे कुणाला साधत नाही. तुलाच वर्गात उभी करायला हवी!" त्यावर हे — "मॅट्रिकच्या पुढचं शिक्षण तिनं त्यातच घेतलंय."

थट्टाच, पण बरं वाटलं. लग्न होऊन आले तेव्हा या तीन खोल्यांत नऊ माणसं. दिरांची भांडणं, नणंदेचं तान्हं, सासूबाईंचा आवाज तर तीन जिने खाली जायचा. सकाळचा तेवढा अर्धा तास माझा. तोही सासूबाईंनीच दिला, देव त्यांचं भलं करो — ही देवाजवळ बसली की हिला कुणी हाक मारायची नाही, घराला आग लागली तरी! माणसं गेली, पांगली. नियम राहिला.

साबण, चहा, ह्यांचे पुस्तकं बांधायचे पुठ्ठे. खर्च जमेच्या आत. त्याची कृपा.

६ फेब्रुवारी

जिन्यात सुतार भेटला. म्हटलं, सकाळी जरा हळू. तर म्हणतो, "काकू, लाकडाला कुजबुजत कापता येत नाही!" तोंडाळ मेला. पण जिन्याचा मोडका कठडा त्यानंच फुकट बसवून दिला, तेव्हा गप्प बसले.

९ फेब्रुवारी

ह्यांना छापखान्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी हात स्वस्थ नाहीत. वाचनालयाची फाटकी पुस्तकं घरी येतात. उसवायची, शिवायची, खळ लावून दाबाखाली ठेवायची. स्वयंपाकघराच्या ओट्याचं एक टोक माझं राहिलेलंच नाही. आज खळीचं भांडं आणि दुधाचं भांडं शेजारी शेजारी! म्हटलं, एक दिवस चहात खळ पडेल. म्हणाले, "मग तरी आपण दोघं एकमेकांना चिकटून राहू." या वयात!

डावा खांदा धरलाय म्हणत होते. दिवसभर वाकून पुठ्ठे कापायचे, मग खांदा धरणार नाही तर काय. शेकून दिला.

१३ फेब्रुवारी

हॉस्पिटलचा बाक. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. रोजनिशी घरी राहिली.

काल सकाळी मी देवाजवळ बसले. लेक शाळेत गेलेली. शेवटपर्यंत सगळं नीट म्हटलं, माळ पेटीत ठेवली, दिवा सारखा केला. चहाला आधण ठेवावं म्हणून आत गेले तर न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं. हे स्टुलावर बसलेले. अंग घामानं भिजलेलं. चेहरा — तो लिहीत नाही. हात छातीवर. माझ्याकडे बघून हसले! म्हणाले, "झालं का तुझं?"

सुतार आणि त्याचा भाऊ धावून आले म्हणून इथवर पोचलो.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, लेकीच्या वयाच्या. त्यांनी ह्यांना विचारलं, "दुखायला लागून किती वेळ झाला होता?"

हे म्हणाले, "अर्ध्यावर होतं."

"काय अर्ध्यावर होतं?"

"हिचं."

बाईंना काही कळेना. मला कळलं.

१४ फेब्रुवारी

झडप की नळी, काहीतरी उघडली. धोका टळला म्हणतात. देवा, तुझे उपकार — एवढंच लिहून हात थांबला.

१५ फेब्रुवारी

आज जरा बोलू दिलं. मी म्हटलं, "अहो, हाक का नाही मारलीत?"

"तू करुणेच्या कडव्यावर होतीस. पुढची चारच राहिली होती. तेवढं काय, म्हटलं, निघेल."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत मी कुठल्या कडव्यावर होते?

तर पडल्या पडल्या पुटपुटायला लागले. माझी प्रार्थना! पहिल्यापासून, एक शब्द न गाळता. माझ्या आईनं मला शिकवली, मी लेकीलाही शिकवली नाही, तिला वेळ नसतो — आणि ह्यांना पाठ. रोज सकाळी मी बसले की हे आतल्या दाराशी खुर्ची ओढून बसायचे म्हणे. हातात काम घ्यायचे नाहीत. कात्रीचा आवाज नको म्हणून. माझं संपलं की मगच पुठ्ठा कापायला घ्यायचे.

मी पाठमोरी. मला कधी कळलं नाही.

नर्स आली, म्हणाली, आजोबा, मंत्र म्हणताय की काय? हे म्हणाले, "उजळणी करतोय."

१६ फेब्रुवारी

लेक बोलली. बोलायचीच होती. हॉस्पिटलच्या जिन्यात, आवाज दाबून — "आई, बाबा कण्हत असतील. निदान स्टूल सरकलं असेल. न्हाणीघर भिंतीपलीकडे तर आहे! तुला काहीच ऐकू आलं नाही? बाबांनाही ट्यून आउट केलंस?"

मग तीच रडली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या केसांना खडूचा वास येत होता.

२० फेब्रुवारी

घरी आलो. सुतारानं खुर्चीत बसवून तीन जिने वर आणलं. हे संकोचानं अर्धे झाले. "अरे, मी काय कपाट आहे का?" तर तो म्हणतो, "काका, कपाटाला मी जास्त पैसे घेतो!"

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — पुन्हा दुखलं, गुदमरलं, काहीही झालं, तर पहिल्या मिनिटाला सांगायचं. मागच्या वेळी थोडक्यात निभावलं. दुसऱ्यांदा वाट बघत बसलात तर मी काही करू शकणार नाही. हे मान हलवत होते. ही मान मी ओळखते. भाजीत मीठ नसलं तरी अशीच हलते.

२२ फेब्रुवारी

बसले देवाजवळ. जमलं नाही.

सगळं ऐकू येतं! नळ, जिन्यातली पावलं, करवत, पलीकडच्यांचा खोकणारा म्हातारा, ह्यांच्या चपला. चपला थांबल्या की माझा श्वास थांबतो. तिसऱ्याच ओळीला उठून बघून आले. हे पेपर वाचत होते. पुन्हा बसले. पुन्हा उठले. इतक्या वर्षांची सुई आता फिरतच नाही.

२३ फेब्रुवारी

नाही जमलं.

२५ फेब्रुवारी

बसलेच नाही. त्या वेळात तांदूळ निवडले. निवडलेलेच पुन्हा निवडले.

२६ फेब्रुवारी

हे म्हणाले, "म्हण की गं. सकाळ झाल्यासारखी वाटत नाही."

मी म्हटलं, "म्हणते. पण तुम्ही हाक मारायची. कबूल?"

"कबूल."

"तुमच्या कबूलला काय अर्थ आहे! जीव जात असताना चार कडवी मोजत बसलेला माणूस तुम्ही."

हे म्हणाले ते खरं होतं, म्हणून लिहून ठेवते — "अगं, घशातून निघतच नाही. तू बसलेली असलीस की जीभ आपोआप मागे जाते. सवयच नाही."

सवय नाही तर लावायची! अंबाडा घालायला मी नाही का शिकले लग्नानंतर? मी सांगून टाकलं — उद्यापासून रोज मी बसल्यावर एकदा हाक मारायची. काही झालेलं नसलं तरी. शेवटची दोन कडवी लागायच्या आत. मी उठणार, येणार, तुमचं तोंड बघणार, आणि मग पुढचं म्हणणार.

"देवाला चालेल?"

"त्याचं मी बघते."

२७ फेब्रुवारी

दुसऱ्या कडव्यापाशी दारात खाकरले. मी वळले. "हे काय? खाकरणं चालणार नाही. खाकरायला दम कुठे असणार तुम्हाला तेव्हा?"

"मग काय म्हणू?"

"अगं म्हणा."

"नुसतं अगं? आणि तू आलीस की पुढे काय बोलू?"

"बोलू नका काही."

"बोलावून घेऊन बोलायचं नाही? मूर्खासारखं दिसतं."

असं कडव्याच्या मधोमध आमचं भांडण! देवासमोर! सासूबाई असत्या तर दोघांना बाहेर काढलं असतं.

२८ फेब्रुवारी

आज मारली! पाचव्या कडव्याला. मोठ्यानं, एका दमात — "अगं, काही नाही!"

मी धावत गेले तर स्वतःच दचकून बसले होते. मला हसू आवरेना. त्यांनाही. छातीवर हात ठेवून हसत होते, तर मी घाबरले. म्हणाले, "अगं, खरंच काही नाही."

उरलेली प्रार्थना हसूनच म्हटली. पाप लागत असेल तर मला लागो.

३ मार्च

सुतार विचारतोय, "काका, काही नाही तर ओरडता कशाला रोज?" लेकीनं त्याला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. दुपारी वर आला, दारातच उभा. म्हणाला, "काकू, हाकेची वेळ कोणती? तेवढ्यात मशीन बंद ठेवत जाईन. माझ्या आवाजात काकांची हाक बुडायची एखाद्या दिवशी."

तोंडाळ म्हटलं होतं मी त्याला. चहा दिला, साखर नेहमीपेक्षा जास्त घातली.

७ मार्च

रोज मारतात आता. आवाजही सुटलाय. कधी "अगं, काही नाही", कधी "अगं, कावळा आलाय", काल तर "अगं, आज कोण जिंकलं?" — जसं काही मला माहीत असतं! मुद्दाम सातव्या कडव्याला बोलावतात. तिथे एका जोडशब्दाशी मी दर वेळी अडखळते म्हणे. "तेवढीच तुला सवड!" मी अडखळते हे मला माहीत नव्हतं. आज लक्ष देऊन म्हटलं. अडखळते.

एक मात्र मनाला लागून राहिलंय. मधूनच तुटलेली प्रार्थना पोचत असेल का? पूर्वी अखंड होती. खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, त्या देवाचं माझ्याहून फार जास्त करतात. म्हणाल्या, "त्याला काय बाई, त्याच्याकडे येणारं सगळंच अर्धवट असतं. वेळ घेऊन जोडत बसतो."

औषधं महाग. लोणी बंद केलं. मला कुठे लागतं.

१२ मार्च

आज काय झालं ते लिहायला हात वळत नाही. तरी लिहिते.

हाक आली. मी म्हटलं, "हो, आले." आणि म्हणत राहिले. उठले नाही. उठले नाही हे मला कळलंही नाही! संपवलं, माळ ठेवली, वळले, तर हे दारात उभे.

"आली नाहीस," म्हणाले. रागानं नाही. वाचनालयाचं पुस्तक परत आलं नाही असं सांगावं तसं.

मी म्हटलं, आले म्हटलं ना. म्हणाले, "म्हटलंस खरं."

पंधरवडासुद्धा झाला नाही. आणि मी तीही हाक करवतीसारखी बाहेर ठेवली. तोंड आपोआप "आले" म्हणालं आणि मन आपल्या जागी. रोजची झाली, तिथेच संपली! आता दोष तरी कुणाचा? नियम सासूबाईंचा होता. हे मात्र माझंच.

लेकीला सांगितलं. वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "आई, वर्गात मी रोज ‘शांत बसा’ म्हणते. कोण ऐकतं? रोजच्या शब्दाला कुणाचाच कान नसतो." मग म्हणाली — "तू शब्द ऐकू नकोस. बाबांना ऐक."

म्हणजे काय करायचं, ते काही तिनं सांगितलं नाही. शिक्षिका आहे ना! गृहपाठ देऊन मोकळी.

१३ मार्च

जागा बदलली. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. आज पाट फिरवला. आता डोळे उघडले तर आतलं दार समोर, आणि दारातून ओट्याचा त्यांचा कोपरा. देव उजव्या हाताला आले. त्यांची माफी मागितली.

हे म्हणाले, "आता मला तुझी पाठ दिसायची नाही. पाठीवरून कळायचं, कुठलं कडवं चाललंय ते."

काय काय बघून ठेवलंय या माणसानं!

१७ मार्च

डोळे मिटूनच म्हणते. पण ह्यांना सांगितलंय, त्या वेळात हात थांबवू नका, काम चालू ठेवा. आता असं होतं — म्हणत असते मी, आणि खाली कुठेतरी त्यांचं सगळं चालू असतं. सुईत दोरा ओवतात तेव्हा श्वास धरतात. खळ ढवळतात तेव्हा चमचा भांड्याला दोनदा आपटतात. पुठ्ठ्याला घडी पाडली की "हं" म्हणतात, स्वतःलाच शाबासकी! पूर्वी घरातले सगळेच आवाज मी घालवून बसत होते. आता ते असतं, आणि प्रार्थनाही असते. एकीनं दुसरीला जागा करून दिल्यासारखं. पूर्वीइतकी तंद्री लागत नाही, ते खोटं कशाला लिहू. पण बसवतं.

हाक आली — "अगं, डिंक संपला!" उठले. तोंड बघितलं. ठीक.

१८ मार्च

उठले. ठीक.

२१ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. ठीक म्हणाल्या, पण चेहरा तेवढा ठीक नव्हता. जिना जपून. ह्यांनी त्यांना हाकेचा सराव सांगितला, वर नक्कल करून दाखवली — "अगं, काही नाही!" बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. बाई हसल्या, मग म्हणाल्या, "आजोबा, काही असेल तेव्हाही मारा हं."

परतताना मला म्हणाले, "एवढ्या वर्षांत तुला हाक मारली नाही, ती सगळी आता वसूल करतोय." रस्त्यात! मी चष्मा पुसत राहिले.

२४ मार्च

लेकीच्या शाळेत त्या शब्दांची परीक्षा झाली. एका मुलीनं वाक्य लिहिलंय म्हणे — माझी आजी मला कधी ट्यून आउट करत नाही, कारण तिला ऐकूच येत नाही. पूर्ण गुण दिले लेकीनं! हे जेवताना ठसका लागेपर्यंत हसले. मी पाणी दिलं. ठसकाच होता.

२९ मार्च

हॉस्पिटलचा तोच बाक.

हाक आली नाही.

सातवं कडवं गेलं. शेवटची दोन लागली. वाटलं, विसरले असतील. पण चमचा वाजला नव्हता. सुई, "हं" — काहीच नव्हतं. डोळे उघडले आणि उठले.

ओट्याखाली बसलेले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी खिडकीतून ओरडले. खाली मशीन बंदच होतं.

डॉक्टरीणबाई आत्ता बाहेर आल्या. म्हणाल्या, अगदी वेळेत आणलंत, वाचले. मग म्हणाल्या, "या वेळी आजोबांनी हाक मारली ना?"

मी म्हटलं, हो. मारली.